पिशवी बसली का?

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. तुम्ही नाक मुरडण्याआधी मीच सांगून टाकते, दिसायला मी चांगली नाही आणि उचलायला तर त्याहून वाईट. दोन पोटं आणि मध्ये एक जाड पट्टा, असा माझा आकार. दोन्ही पोटांत मिळून अकरा किलो वाळू आहे. बाहेर मोकळ्यावर फोटो काढताना दिव्याचा उंच स्टँड उभा करतात ना, त्याच्या पायावर मला खोगीर टाकावं तशी टाकतात. वारा आला तरी स्टँड पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम.

माझा जन्म मामींच्या शिलाई मशीनवर झाला. मामा म्हणजे दिवे लावणारे, आणि त्यांची भाची फोटो काढणारी. त्या दोघांसाठी मामींनी जुन्या तंबूचं कापड काढलं. दुहेरी शिवण घातली, मग तिहेरी घातली, तरी त्यांचं समाधान होईना.

“अगं, पिशवी शिवतेयस की किल्ला बांधतेयस?” मामा म्हणाले.

“त्या दिव्याखाली तुम्हीच उभे असता ना? मग गप्प बसा,” मामी म्हणाल्या.

मामांनी वाळू चाळली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि माझ्या पोटात भरली. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर नदीकाठ, गच्च्या, टेकड्या, खडकाळ माळ असं सगळं पाहिलं.

मामांची एक पद्धत होती. कुठेही पोचले की पेटी उघडायच्या आधी ते रिबिनीचा एक तुकडा हातात धरून उभे राहायचे आणि वारा कुठून येतो ते बघायचे. मग सगळीकडे फिरून खड्डे कुठे आहेत, वायर कुणाच्या पायात येईल, पोरं कुठे धावतील, ते पाहायचे. लोक कंटाळायचे. “मामा, अहो फोटो काढायचाय, विहीर नाही खणायची!” असं कुणीतरी म्हणायचंच. मामा हसायचे आणि आणखी एक चक्कर मारायचे.

मला स्टँडवर मामा ठेवायचे, पण तपासायची मात्र भाची. “ज्यानं ठेवली त्यानं बघायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नसते,” असं मामांचं म्हणणं. म्हणून बटणापाशी गेल्यावर ते मोठ्यानं विचारायचे, “बसली?” भाची मला हात लावायची, स्टँड हलवून बघायची आणि ओरडायची, “बसली!” त्यानंतरच दिवा लागायचा.

आता एक मनातलं सांगते. इतकी वर्षं राबले, पण एकाही फोटोत मी नव्हते. माझा कोपरा जरी आला तरी भाची तो कापून टाकायची. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण कामाच्या माणसानं रुसायचं नसतं, अशी मी मनाची समजूत घालायची.

खरं दुखणं वेगळंच होतं. सुरुवातीला भाची मला हातानं चाचपायची. पुढे ती नुसती पायाच्या बोटानं डिवचायला लागली. मग लांबूनच बघून सांगायची, आणि शेवटी तर बघेनाशीही झाली. मामांनी “बसली?” म्हटलं की तिच्या तोंडून आपोआप “बसली!” निघायचं, जांभई निघते तसं. मामांना ते लांबून कळत नव्हतं. मला कळत होतं, पण मला विचारतो कोण!

आणि मग तो दिवस आला. एका तळ्याच्या काठी आईवडील आणि त्यांची चार वर्षांची मुलगी फोटोसाठी आले होते. मुलीला सगळे चिमणी म्हणत. दिव्यावर मोठी पांढरी छत्री लावलेली, आणि मी खाली पायावर घट्ट बसलेले. कॅमेऱ्यातून बघता बघता भाची पुटपुटली, “ही पिशवी मध्येच येतेय.” मामा खडकामागे वायर सरळ करत होते. भाचीनं मला उचललं, चार हात लांब गवतात ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाली, “दोनच फोटो.”

ते दोन फोटो झाले. तेवढ्यात ढगातून ऊन आलं, म्हणून तिनं लेन्स बदलली, आईवडिलांना जरा सरकवलं. या गडबडीत मी तिच्या डोक्यातून पार निघून गेले. उन्हापुढे दिवा फिका पडू नये म्हणून मामांनी त्याचा उजेड वाढवायला घेतला आणि खडकामागून विचारलं, “बसली?”

डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून ती म्हणाली, “बसली!”

मित्रांनो, मी गवतात पडून ते ऐकलं. मला तोंड नाही याचं दुःख त्या दिवसाइतकं कधीच झालं नाही. तुमच्यात पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, माझी तर पोटातली सरकली.

तळ्यावरून वाऱ्याचा एक झोत आला. छत्री फुगली आणि स्टँड कलला. त्याच्या बरोब्बर खाली चिमणी उकिडवी बसून खडे वेचत होती. तिची आई किंचाळली. मामा नुकतेच खडकाआडून बाहेर आले होते. ते कसे धावले, कुणास ठाऊक! त्यांनी आपला उजवा खांदा मध्ये घातला आणि लोखंडासकट तो दिवा त्यांच्यावर कोसळला.

चिमणीला साधं खरचटलंही नाही. मामांनी आधी विचारलं, “पोरीला लागलं का?” आणि मगच त्यांची शुद्ध हरपली.

खांद्याचं मोडलेलं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर काही जाईना. तीस वर्षं दिवे वर चढवणाऱ्या माणसाला आता फळीवरचा डबाही काढता येत नव्हता. मामांच्या खोलीच्या दाराशीच मला टाकलं होतं, म्हणून त्या दोघांचं बोलणं माझ्या कानावर आलं.

“मामा, पिशवी मीच काढली. आणि बसली म्हणालेही मीच,” भाची म्हणाली.

मामांनी डाव्या हातानं तिला जवळ बसवलं. मग म्हणाले, “तू खोटं बोलली नाहीस, पोरी. तू न बघता बोललीस. मला तेच जास्त लागलंय.”

त्यानंतर भाचीला माझ्याकडे बघवेना. तिनं मला बाकाखाली पार भिंतीशी सरकवलं. तिनं कॅमेराही कपाटात ठेवून दिला. आठ महिने मी अंधारात होते. उंदरानं माझी एक शिवण कुरतडली आणि माझ्यातली वाळू थोडी थोडी जमिनीवर सांडू लागली. झाडताना ती मामींच्या केरसुणीला लागली. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं, मशीनवर घेतलं आणि नवी शिवण घातली.

त्याच आठवड्यात चिमणीच्या आईचा फोन आला. त्यांचा फोटो राहिला होता आणि आता त्यात त्यांना मामाही हवे होते. पण तिनं स्पष्ट विचारलं, “या वेळी बघणार कोण?”

भाची म्हणाली, “मी. हात लावून.”

“आणि मी विचारणार,” मामा तिच्या मागून म्हणाले. “हात वर जात नाही, तोंड तर चालतंय ना!”

आम्ही पुन्हा त्याच तळ्याकाठी गेलो. मामांनी डाव्या हातात रिबीन धरून वारा पाहिला. मामींनी मला स्टँडवर ठेवलं आणि मामांनी स्टुलावर बसून विचारलं, “बसली?”

भाची कॅमेरा सोडून आली. गुडघे टेकून बसली. तिनं माझी दोन्ही पोटं चाचपली, पट्टा ओढून पाहिला, स्टँड चारी बाजूंनी हलवला. खूप वेळ गेला, पण कुणीही घाई केली नाही. चिमणीची आई तिच्याकडे टक लावून बघत होती.

“बसली, मामा,” ती म्हणाली.

मग मामा चिमणीचा हात धरून उभे राहिले. एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “अगं थांब, पिशवी फोटोत येतेय!”

“येऊ दे,” भाची म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

तो फोटो आता मामींच्या मशीनच्या वर भिंतीला लावलाय. डाव्या कोपऱ्यात मळकं, दोनदा शिवलेलं काहीतरी दिसतं. येणारे जाणारे विचारतात, “हे मध्येच काय आलंय?” मामी सांगतात, “ती आमचीच आहे.”

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. एवढंच मागणं आहे. दोर घट्ट आहे का, गॅस बंद केलास का, दार लावलंस का, असं कुणी विचारलं तर बसल्या जागेवरून “हो” म्हणू नका. उठा, जवळ जा, हात लावून बघा आणि मगच उत्तर द्या. विचारणारा थांबेल. त्या दिवशीही मामा थांबले असते.