माझ्यापुढं नको

उत्तमराव वकिलाचं नाव काढलं की चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आणि का जाऊ नये?

नवरा गेला तशी दीर मच्छिंद्रानं सामाईक विहिरीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. निम्मा हिस्सा तिचा आणि पाणी सगळं त्याचं. तिनं पाथर्डीला उत्तमरावांना वकीलपत्र दिलं. त्यांनी दावा लावला आणि मग काय केलं? तारखा घेतल्या. मच्छिंद्राच्या वकिलाबरोबर चहा प्यायचा आणि तारीख घ्यायची, एवढीच त्यांची वकिली.

पुढं ते पंचायत समितीला उभे राहिले. “चांगुणाताई, निवडून आलो की पहिलं काम तुझं.” बाई भोळी, वस्त्या तुडवत त्यांच्यासाठी मतं मागत फिरली. सभापती झाल्यावर भेटायला गेली तर म्हणाले, “प्रकरण कोर्टात आहे, मला बोलता येत नाही.” अरे भल्या माणसा, कोर्टात घातलं कुणी?

सभापतीपदाच्या पुढं राजकारणात डाळ शिजेना, तेव्हा खटपट करून उत्तमराव न्यायाधीश झाले आणि बहात्तरच्या दुष्काळात थेट पाथर्डीच्याच कोर्टात येऊन बसले. ते कसं जमलं, वरच्यांनाच ठाऊक. चांगुणाला मात्र वाटलं, आता देव पावला. दावणीला तिचे दोन बैल पाण्यावाचून वाळत होते, आणि विहिरीत अजून पाणी होतं.

पुकारा झाला, ती पुढं झाली. साहेबांनी कागदावरची नावं वाचली, मान काही वर केली नाही.

“हे माझ्यापुढं नको. नगरला पाठवा.”

कायद्यानं बरोबरच होतं म्हणे. ज्याची वकिली केली, त्याचा निवाडा करू नये. जळो तो कायदा. नगरची तारीख पडेपर्यंत बैल कोण जगवणार होतं?

ती घरी आली, कुऱ्हाड घेतली, कुंपण तोडलं आणि बैलांना पोटभर पाणी पाजलं. मच्छिंद्र आडवा आला, तर कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या खांद्यात बसला. बसला म्हणजे तिनं घातला, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तिला कोर्टात उभं केलं. फौजदारी बघायलाही तेच साहेब, गावात दुसरा मॅजिस्ट्रेट नव्हताच. आज उत्तमरावांनी मान वर केली.

“काही सांगायचंय, चांगुणाबाई?”

“काय सांगू सायेब? फिर्याद घिऊन आले तवा तुमच्याम्होरं चालले न्हाई. आता आरोपी हाय, आता चालती व्हय?”

साहेबांनी चष्मा पुसला, लेखणी उचलली आणि तिला कोठडी दिली. त्याला काही कायदा आडवा आला नाही.