पिशवीतलं काळं बटण

१९८८ सालच्या त्या उन्हाळ्यात नलिनीचा नवरा श्यामकांत रोज सकाळी सेक्टर सतराच्या बसस्टँडवरून बस धरून पंजाबातल्या एका गावी बँकेच्या शाखेत जायचा. मागच्या मंगळवारी त्याच रस्त्यावर अतिरेक्यांनी बस अडवून माणसं मारली. तेव्हापासून सकाळच्या चहाला श्यामकांत म्हणायचा, "नुकतंच होऊन गेलंय. आता महिनाभर तरी तिथे काही होत नाही." नलिनी "हो ना" म्हणायची. दोघंही चांगली शिकलेली. पण वेड पांघरून पेडगावला जायची हौस शिकलेल्यांनाच जास्त.

पाच वर्षांच्या विनयाला शाळेची सुट्टी होती. तिला गुंतवायला नलिनीने कापडी पिशवीत नऊ पांढरी बटणं आणि एक काळं टाकलं. न बघता एक काढायचं, रंग आधी सांगायचा, बटण परत आत टाकायचं. विनया हात घालण्याआधी मुठीवर फुंकर मारायची. तसं केलं की काळं येत नाही, हा तिचा ठाम सिद्धान्त. आलंच तर म्हणायची, "हो गया! अब नहीं आएगा." मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदीच.

गुरुवारी दुपारी काळं आलं. तिने ते आत टाकलं, पिशवी हलवली, पुन्हा हात घातला. पुन्हा काळंच.

"अगं, आत्ताच तर येऊन गेलं होतं!" नलिनी हसली.

विनया बराच वेळ बटणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, थैली को थोड़ी याद रहता है!"

नलिनीचं हसू जिथल्या तिथे राहिलं. लेकीचं कौतुक वाटायला हवं होतं. आला तो राग. तिने पिशवी उचलून कपाटात टाकली.

शुक्रवारी सकाळी श्यामकांतने चहाबरोबर नेहमीचं वाक्य म्हटलं. नलिनी "हो ना" म्हणाली नाही.

"बदलीचा अर्ज लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

"संध्याकाळी आल्यावर लिहितो की."

"संध्याकाळचं मला सांगू नका."

तिचा चेहरा बघून त्याने निमूटपणे बसून अर्ज लिहिला. त्यात सव्वाआठची बस चुकली. "नऊची मिळेल," म्हणत त्याने बसस्टँड गाठायला स्कूटरला किक मारली.

नलिनी फाटकाशीच उभी राहिली. आठवड्यात पहिल्यांदाच ती खरीखुरी घाबरली होती. उशीर करवून आपण त्याला वाचवलं, की नेमक्या नको त्या बसमध्ये बसवलं, हे संध्याकाळी साडेसहापर्यंत, त्याच्या परतायच्या वेळेपर्यंत, कळणार नव्हतं.