टोपी उचलणारी वाफ

त्या कचेरीत नमस्काराची कटकट वाफेनं मिटवली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर पितळी टोपी, टोपीला रबरी नळी, नळी थेट तळघरातल्या बॉयलरला. समोरच्याच्या छातीवर जेवढी लोखंडी पदकं, तेवढा टोपीतला चुंबक खेचला जायचा, तेवढी वाफ टोपीत सुटायची आणि टोपी आपोआप वर व्हायची. कारकुनासाठी बोटभर, साहेबासाठी वीतभर. माणूस ओळखायची गरजच उरली नव्हती. पूर्वी तरी कुठे ओळखत होते म्हणा.

फिटरबाई धापा टाकत वर आली. खांद्यावरचा लोखंडी पाइपांचा जुडगा तिनं दाराबाहेर टेकवला. बॉयलरची जादा वाफ सोडणारी झडप गंजून बसली होती, दाबाचा काटा लाल रेघेवर गेला होता, आणि तिचा धाकटा भाऊ खाली भट्टीत कोळसा ओततच होता. थांब म्हटलं तर म्हणाला, "ताई, लेखी हुकूम आण. नोकरी जाईल माझी."

"भट्टी विझवायचा हुकूम द्या," ती हेडक्लार्कला म्हणाली. "बॉयलर फुटेल."

हेडक्लार्कनं डोळे वर करून स्वतःच्या टोपीचा अंदाज घेतला. टोपी ढिम्म.

"टोपी हलली नाही, म्हणजे तुम्ही कुणीच नाही. अर्ज द्या."

"अर्ज लिहीपर्यंत तुम्ही छपरावर असाल."

"छप्पर इमारत विभागाकडे येतं."

अशांच्या नादी कोण लागणार? निदान भावाला तरी ओढून काढू म्हणून तिनं जुडगा परत खांद्यावर घेतला. तोच मागं फुस्स झालं. हेडक्लार्कची टोपी हातभर वर. आतल्या खोलीत साहेबांची तर इतकी उडाली, की हनुवटीखालच्या पट्ट्यानं साहेब चवड्यांवर आले.

"बसा ना, बाईसाहेब," हेडक्लार्क खुर्ची पुसायला लागला.

तिनं हुश्श करून जुडगा जमिनीवर ठेवला. टोप्या धपकन खाली.

"कोण हवंय?" हेडक्लार्कनं विचारलं.

तिनं जुडगा परत उचलला.

"आपल्याला कोण ओळखत नाही?" तो लगेच म्हणाला.

"मग लिही. भट्टी ताबडतोब विझवा. साहेबांची सही घे."

खांदा सोलवटून निघत होता. साहेब टांगल्यासारखे बाहेर आले. "कारण काय लिहू?"

"बॉयलर..."

"बॉयलर म्हटलं की चौकशी समिती नेमावी लागते."

"बरं. माझी मर्जी."

"हे सोपं आहे," म्हणून साहेबांनी सही ठोकली.

कागद बघताच भावानं निखारे बाहेर ओढले. काटा कुरकुरत खाली आला. दोघं पायरीवर बसून घाम पुसत राहिली.

घरी जायला निघाली, तर सगळी कचेरी दारात खोळंबलेली. साहेब, हेडक्लार्क, शिपाई, सगळेच थंड टोप्या घालून एकमेकांकडे टकामका बघत होते. आधी बाहेर कुणी पडायचं, ते टोपी सांगेना.

"ताई, यांना काय झालंय?"

"काही नाही रे. वाफ येईपर्यंत असेच राहतील," ती म्हणाली आणि साहेबांना कोपरानं सरकवून वाट काढली.