मी कोणत्या हरणीचा जबडा?

मित्रांनो, मी एका लहानशा हरणीचा जुना जबडा आहे. पण हरणी कोणत्या जातीची, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून मला कुठेही टांगा, मी अस्वस्थच असतो.

सियांग नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात कालिंग नावाचा शिकारी होता. एका हिवाळ्यात त्याच्या बाणाने ती हरणी पडली. तो तिला पाठीवर घेऊन आला आणि लोक हसू लागले. रंग भेकराचा, पण उंची निम्मी, आणि शिंगे नाहीत.

"काय रे कालिंग, पाळण्यातून उचललंस की काय?" त्याचा साथीदार ओसोंग म्हणाला.

"पाडस नाहीये ते."

"मग काय, धुतल्यावर आटलं?"

त्या गावात पाडस मारणे ही मोठी लाज. यंदाच्या गावशिकारीला कालिंगने यायचे नाही, असे थोरांनी ठरवले. मला उकळून, साफ करून त्याच्या चुलीवरच्या भिंतीला, आधीच्या शिकारींच्या जबड्यांशेजारी टांगले. इतर जबडे दाखवून तो मुलांना गोष्टी सांगे. माझ्याकडे मात्र पाठ करून जेवायला बसे. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण जबड्याला जीभ कुठली?

शिकारीच्या आदल्या दिवशी त्याची आत्या यालेक आली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तिने मला खाली काढले, काजळी पुसली आणि दाढांवरून अंगठा फिरवला.

"कालिंग, इकडे ये. पार सपाट झाल्यात बघ दाढा. दूधपित्या पिल्लानं काय दगड चावले?"

"असं कसं, आत्या?"

"तुम्ही बाप्ये नुसती शिंगं बघता. ही चांगली वय झालेली बाई आहे. भेकराची बहीण म्हण हवं तर, पण भेकर नव्हे."

तिने मला थोरांपुढे नेऊन ठेवले. ओसोंगने भेकराचा जबडा आणून शेजारी मांडला. थोरांनी दोन्हींवरून बोटे फिरवली: मी निम्माच, पण दाढा तितक्याच झिजलेल्या.

"चुकलं, दादा," शेवटी ओसोंग म्हणाला. "उद्या सगळ्यांच्या पुढं तूच."

पण कालिंग गेला नाही. "चाळीस वर्षांत मी हिला एकदाच पाहिलं," तो म्हणाला, "आणि तेव्हाच मारलं. अशा अजून आहेत का, ते आधी कळू दे."

मला झोळीत घालून तो गावोगाव हिंडला. "ओळखता का?" लोक मला हातोहात फिरवत आणि नकाराने माना हलवत. त्या फिरण्यात माझी एक दाढ निखळून कुठेतरी पडली.

शेवटी त्याने मला तुमच्या शाळेत आणून दिले; आता मी इथल्या खिडकीत आहे. मला हातात जरूर घ्या, पण दोन्ही हातांनी. ती हरणी पाडस नव्हती, हे सांगायला या उरलेल्या दाढाच आहेत. आणि तिच्या जातीची दुसरी कोणी अजून दिसलेली नाही.