लिफ्टवाल्याची स्कॉच

“नाक बुडवू नकोस गं. ग्लास जरा लांब धर, तोंड किंचित उघडं ठेव. हां, आता घे वास.”

लिफ्टवाल्याची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, परीक्षेला बसल्यासारखी अंग चोरून बसली होती. आजवर तिने दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. एकतीस वर्षं त्याने लोकांना सुखरूप वरखाली नेलं आणि दर शनिवारी संध्याकाळी एकच पेग घेतला, तोही स्कॉचमधल्या सगळ्यात स्वस्त ब्लेंडचा. मेव्हणा हसायचा. “दाजी, स्कॉच घेताय की नुसतं स्कॉचचं नाव घेताय?” पण कुणाकडे नवी बाटली आली, की पारखायला बोलावणं दाजींनाच.

गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. उपचारांनी ती गेली, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेली. हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

आज रात्री मेव्हण्याने त्याच ब्लेंडची नव्या लेबलची बाटली आणून ठेवली. “दाजी, कंपनीनं तुमचा माल बिघडवला बरं का. नुसतं गोड पाणी झालंय. तुम्ही बघा नि सांगा.”

“सांगतो,” लिफ्टवाला म्हणाला. मेव्हणा गेल्यावर त्याने ग्लास बायकोपुढे सरकवला.

“अहो, मला काय कळतंय त्यातलं?”

“दूध नासणार ते तुला आदल्या दिवशी कळतं. घे.”

तिने वास घेतला. “जळकी साखर. ओलं लाकूड. आणि मागून... विझवलेल्या काडीचा येतो ना, तसला धूर.”

तो पुढे झुकला. “धूर आहे? नक्की?”

“थोडका आहे, पण आहे.”

पहिल्या घोटाला तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “बाई गं! हे तुम्ही हौसेनं घेत होतात?”

“चमचाभर पाणी घाल. गिळायची घाई करू नकोस. गिळल्यावर चव किती टिकते ते बघ.”

दुसरा घोट गिळून तिने डोळे मिटले. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

“मनुकांसारखं गोड... मग तिखट... गेलं.”

“अकरा सेकंद. पूर्वी वीस तरी टिकायची.” त्याने मान हलवली. “पाणी नाही झालेलं. पण चवीचं शेपूट कापलंय. या किमतीत वाईट नाही म्हणायचं, एवढंच. फोन लाव त्याला.”

तिने फोन लावून जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून भावाचा आवाज खणखणीत आला, “वा! दाजींची जीभ म्हणजे जीभ!”

लिफ्टवाल्याने हात पुढे केला आणि तिच्याकडून फोन घेतला.

“जीभ तुझ्या ताईची आहे रे. मला वर्षभर काही लागत नाही. ना चव, ना वास.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अरे, आहेस ना?” लिफ्टवाला म्हणाला. “यापुढे बाटली आणलीस की ताईला दे. आणि दिवसाउजेडी ये, तिला रंगही बघू दे.”