शिवाचा ताप आणि मी

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, आणि माणसांविषयी माझे मत चांगले नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून राग यायला नको. माझे उभे आयुष्य माणसांच्या काखेत गेले. तिथून माणूस फार जवळून कळतो, आणि जितका जवळून कळावा तितका त्याच्या अकलेविषयीचा आदर कमी होत जातो.

माझा जन्म विलायतेत झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने ज्योतीवर काच तापवून माझी बारीक नळी ओढली, तळाशी चकचकीत पारा भरला आणि अंगावर आकड्यांच्या रेघा कोरल्या. अठ्ठ्याण्णवच्या जरा वर त्याने एक लहानसा बाण काढला. निरोगी माणसाचा पारा याच्या आसपास थांबतो, अशी ती खूण. पाऱ्याच्या वर माझा गळा त्याने मुद्दाम आवळून ठेवला. त्यामुळे ऊब लागली की माझा पारा चढतो, पण आपण होऊन उतरत नाही. कोणीतरी मला धरून चांगले झटकावे लागते. माझ्यात एवढेच उणे आहे आणि ते मी कधी लपवले नाही.

बोटीतून मी मुंबईस आलो आणि गिरगावातल्या चिंतामणी डॉक्टरांच्या खिशात जाऊन पडलो. डॉक्टर तरुण होते. पगडी नीट, मिशा नीट, आणि स्वतःविषयीचे मत तर फारच नीट. रोग्याला काय होते आहे हे विचारण्याआधी ते मला बाहेर काढत, उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत आणि लग्नाचा मुहूर्त सांगावा तशा आवाजात आकडा सांगत. लोक तोंडात बोट घालत. एका आजीबाईंनी तर मला हळदकुंकू वाहिले. ठाकुरद्वारच्या एका गृहस्थांची अशी खात्री होती की ही काच ताप ओढून घेते, म्हणून मला दोन दिवस काखेतच राहू द्या असा त्यांनी हट्ट धरला. अहो, मी फक्त सांगतो. ताप उतरवायचे काम तुमच्या देहाचे.

त्या देहाविषयी मात्र मला आदर आहे आणि थोडा हेवाही वाटतो. बाहेर वैशाखाचे ऊन असो की पौषाचा गारठा, आतली ऊब तो बाणापासून फार हलू देत नाही. अंग तापले की रक्त कातडीकडे धावते, घाम सुटतो, आणि तो घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. पाझरणाऱ्या माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. उलट थंडी लागली की कातडीकडचे रक्त आत वळते, अंगावर काटा येतो आणि स्नायू थरथरून ऊब तयार करतात. तिला तुम्ही हुडहुडी म्हणता. शिवाय त्याला माझ्यासारखे कोणी झटकावे लागत नाही, तो आपला आपण उतरतो. हे सगळे मालकाला न विचारता चालते हे फार बरे आहे. मालकाला विचारले असते तर हा कारभार केव्हाच बुडाला असता.

मग शहरात गाठीचा ताप आला. घरोघर तपासणी सुरू झाली. एक गोरा साहेब, दोन शिपाई आणि आमचे चिंतामणी डॉक्टर अशी तुकडी लालबागच्या चाळींतून फिरू लागली. ज्याचे अंग तापलेले सापडेल त्याला डोलीत घालून प्लेगच्या इस्पितळात न्यायचे, असा हुकूम होता. डॉक्टरांची मान त्या दिवसांत अशी ताठ झाली की जिन्याच्या चौकटीला पगडी आपटायची.

फाल्गुनातल्या एका दुपारी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत शिरलो. तिथे शिवा नावाचा कोकणातला गडी नुकताच जेवायला बसत होता. तो समोरच्या गिरणीत साच्यांवर कापड विणायचा. त्या खात्यात सूत तुटू नये म्हणून दारेखिडक्या बंद ठेवून वाफ सोडतात. हवाच ओली असली की घाम सुकणार कसा? तो नुसता गळतो, आणि उष्णता अंगातच कोंडते. असा पहाटेपासून वाफेत शिजलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत उन्हातून धावत, तीन जिने चढून घरी आलेला. डॉक्टरांनी त्याला भिंतीशी उभे केले आणि मला त्याच्या काखेत खोचले. मी एकशे एक दाखवले. अंग खरोखरच तेवढे तापले होते, मी खोटे कशाला सांगू?

"माका ताप नाय," शिवा म्हणाला. "आत्ताच गिरणीतून इलंय."

डॉक्टर मला उजेडाकडे धरण्यात गुंतले होते. एक डोळा मिटला की त्यांचे दोन्ही कान मिटत असत. शिवाच्या अंगावर गाठ सापडली नाही, तेव्हा ती उद्या येईल असे त्यांनी सांगून टाकले. साहेबाने वहीत नाव लिहिले. डोली शेजारच्या चाळीत गुंतली होती, तिला यायला अर्धा तास लागणार होता. मला औषधी पाण्याच्या पेल्यात बुडवून उंबऱ्यावर ठेवले, एक शिपाई बाहेर उभा केला, आणि मंडळी वरच्या मजल्यावर गेली. म्हणून पुढचा सगळा तमाशा मी पाहिला.

शिवाची बायको रखमा भिंतीला टेकून उभी होती. आठच दिवसांपूर्वी तिचा भाऊ दत्तू अशाच डोलीतून गेला होता. चाळीला परत आले ते फक्त त्याचे घोंगडे, तेही जाळून टाका अशा निरोपासह. धडधाकट नवरा आता त्याच दुखणेकऱ्यांच्या रांगेत नेऊन निजवणार, आणि तिथून तो दत्तूसारखाच जाणार, हे तिला लख्ख दिसत होते. त्याला नुसते वाऱ्यावर बसवले असते तर घाम सुकून अंग आपोआप उतरले असते. पण माणसे आपल्या देहाला त्याचे काम करू देतील तर ती माणसे कसली! शेजारच्या सोनूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, ताप आहे तर विझवा. झाले. दोघींनी मिळून शिवावर गार पाण्याच्या तीन घागरी ओतल्या, ओले लुगडे गुंडाळले आणि त्याला गॅलरीत भर वाऱ्यात बसवले. माझ्या मते त्या दोघींत मिळून पाव शहाणपण होते. चाळीतल्या प्रत्येक खोलीत आपोआप गार होणारा माठ आहे, पण त्यावरून काही शिकावे असे कोणाच्या मनात येत नाही.

व्हायचे तेच झाले. शिवाच्या अंगावर काटा आला, दात वाजू लागले, खांदे गदगदा हलू लागले. नेमकी त्याच वेळी वरची मंडळी खाली उतरली.

"हुडहुडी भरली आहे," डॉक्टर समाधानाने म्हणाले. "आता शंकाच नको. उचला."

शिपाई पुढे झाले. रखमा शिवासमोर आडवी उभी राहिली. ती रडली नाही, पाया पडली नाही. तिने माझा पेला उचलून डॉक्टरांसमोर धरला आणि पुन्हा काच लावा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. ती म्हणाली, मघाशी काचेवरून नेत होता, आताही काचेलाच विचारा. गॅलरीत सगळा मजला गोळा झाला होता. डॉक्टरांना नाही म्हणता येईना. त्यांनी मला झटकले, शिवाची काख कोरडी पुसली आणि मला आत खोचले.

थरथरत होता तो फक्त वरचा स्नायू. आतला शहाणा कारभारी कधीच ठिकाणावर आला होता. मी अठ्ठ्याण्णव दाखवले.

डॉक्टरांनी मला पुन्हा झटकले आणि दुसऱ्या काखेत लावले. पुन्हा अठ्ठ्याण्णव. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो त्यांच्या देहाचा चांगुलपणा, त्यांचा स्वतःचा नव्हे. मग त्यांनी सगळे खापर माझ्या माथी फोडले.

"काच बिघडली आहे," ते म्हणाले. "ताप आहेच. न्या त्याला."

"डाक्टरानू," रखमा शांतपणे म्हणाली, "काच बिघडलेली आसा, तर मगाशी पण ती बिघडलेलीच होती मां?"

बाई काय म्हणते, असे साहेबाने विचारले. सांगायला डॉक्टरांशिवाय दुसरे कोणी नव्हते. आपल्याच तोंडाने, एकेक शब्द इंग्रजीत करून त्यांना ते सांगावे लागले. साहेब मिशीत हसला आणि त्याने वहीतले शिवाचे नाव पेन्सिलीने खोडले.

जाताना डॉक्टरांनी मला गॅलरीच्या कठड्यावर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, की हा आता कामाचा नाही. मी दोनदा खरे बोललो होतो. पहिल्यांदा त्यांनी माझे ऐकले आणि माणसाचे ऐकले नाही. दुसऱ्यांदा दोघांचेही ऐकले नाही. मला त्यांचा जो तिटकारा आला तो आजपर्यंत गेलेला नाही.

रखमाने मला उचलले, पदराने पुसले आणि देवाच्या कोनाड्यात ठेवले. त्याला आता दोन वर्षे झाली. तिला आकडे वाचता येत नाहीत, आणि तिने मला पुन्हा कोणाच्या काखेत घातलेले नाही. शिवा सुट्टीत घरी आला की ती त्याला गॅलरीत बसायला लावते, घाम सुकेपर्यंत पान वाढत नाही. त्याचे अंग कडकडीत लागले तरी ती आधी विचारते, आज वाफ किती होती. माणसांत शहाणे कोणी नसतेच, असे मी पूर्वी म्हणत असे. हल्ली एक सोडून म्हणतो.

मित्रांनो, माझ्या जातीची काच तुमच्याही घरी येईल. तिची निगा राखा, ती खोटे बोलत नाही. पण ती लावण्याआधी माणसाला विचारा, तू कुठून आलास, काय करून आलास. आणि कधी लालबागला या चाळीत आलात तर कोनाड्यात मला जरूर पाहा. माझा पारा अजून त्या दुपारच्या अठ्ठ्याण्णववरच उभा आहे. तो शिवाचा आकडा आहे. कृपा करून मला झटकू नका.