सोमवारचं वजन

सायकल मंडळाच्या चिटणीसांचा मेसेज आला तेव्हा हे सायकलवरच होते. सायकल म्हणजे घरातली, स्मार्ट, जागची न हलणारी. समोर पडद्यावर डोंगर, त्यात ह्यांच्या नावाचा निळ्या शर्टातला माणूस, आणि आपापल्या घरी बसून त्याच डोंगरावर घाम गाळणारे मंडळाचे वीस-बावीस जण. मी मेसेज वाचून दाखवला. चार महिन्यांत कोणाचं वजन एकवीस किलो उतरत नाही, असं सभासदांचं म्हणणं आहे. तरी काट्यावर उभं राहून फोटो पाठवावा, नाहीतर नाव यादीतून काढावं लागेल.

ह्या सायकलला आपलं वजन सांगावं लागतं. वजन कमी असेल तर तेवढ्याच जोरात पडद्यावरचा माणूस चढ लवकर चढतो, म्हणून लोक सर्रास दोन-चार किलो कमी सांगतात. ह्यांनी एकतीस वर्षं वजनकाट्यावर ट्रक तोलले. ड्रायव्हर बोटं मोडत गेले, पण ह्यांनी किलोभरही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. निवृत्तीनंतर हौसेनं सायकल घेतली आणि दर सोमवारी अनशापोटी वजन करून खरा आकडा भरू लागले. एकाहत्तर किलो. नंबर कायम शेवटून तिसरा.

मग पोटाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी हात टेकले. ह्यांनी सोमवार चुकवला नाही. पायातला जोर ओसरत होता, पण वजन त्याहून वेगानं उतरत होतं, आणि नंबर वर सरकत होता. पंधरावे, अकरावे, गेल्या महिन्यात चौथे. लोकांनी शाबासकी कळवली, एकानं आहार विचारला. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. मी औषधांच्या वेळा तेवढ्या पाळत होते.

“आजाराचं कळवून टाकू या ना त्यांना,” मी म्हटलं.

“त्यांनी आजार विचारलाय का? वजन विचारलंय.”

मी ह्यांना सायकलवरून उतरवलं, काट्यापर्यंत नेलं. ह्यांनी स्वेटर काढला, मोजे काढले, चष्मासुद्धा काढून माझ्याकडे दिला. मी एका हातात मोबाइल धरला, दुसऱ्या हातानं ह्यांचा दंड. आकडा खालीवर होत होता.

“हात सोड,” हे म्हणाले. “वजन चुकतंय.”

गेल्या सोमवारनंतर हे कुणी न धरता उभे राहिले नव्हते. मी हात सोडला. हे जरा झुकले, मग सरळ झाले. भिंत वीतभर अंतरावर होती, तिलाही ह्यांनी हात लावला नाही. एकोणपन्नास किलो चारशेवर आकडा थांबला. मी फोटो काढला, तरी हे उतरेनात.

“आधी बघ, नीट आलाय का.”

नीट आला होता. दोन पावलं, आणि त्यांच्यामध्ये आकडा.